बेसिनची शिक्षा

प्रयोगशाळेत माझे दोन नियम होते. दोन्ही मीच केलेले होते, त्यामुळे मला ते फार आवडायचे.

पहिला असा की प्रॅक्टिकलची जोडी वर्षाच्या सुरुवातीला ठरेल आणि वर्ष संपेपर्यंत बदलणार नाही. बदलायचीच असेल तर कारण लिहून अर्ज करायचा आणि अर्जावर जोडीतल्या दोघांच्याही सह्या हव्यात. दुसरा नियम काचेचा. ज्याच्या हातून काही फुटेल त्याने तो तास आणि पुढचा अख्खा तास माझ्या टेबलाला लागून असलेल्या बेसिनवर एकट्याने उभं राहून वर्गाची भांडी धुवायची. पहिल्या नियमाने प्रयोगातला एक घटक स्थिर राहतो आणि दुसऱ्याने काच कमी फुटते, असं मी ठासून सांगायचे. दोन्ही विधानांना पुरावा शून्य होता. मुलांना मी प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायला शिकवत होते, फक्त माझ्याकडे मागायला शिकवलं नव्हतं.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर संशोधनाची जागा मिळेपर्यंत मी या शाळेत अकरावीची प्रॅक्टिकल्स घेत होते. मुलं पाठीमागे मला ‘मायक्रॉन’ म्हणत. ब्युरेटच्या मापनळीतल्या पातळीच्या बरोबर समोर डोळा आणल्याशिवाय मी कुणाला आकडा वाचू देत नसे, म्हणून हे नाव पडलं असणार असं मी धरून चालले होते. मनातून मला ते आवडायचंही. आईला घरी अभिमानाने सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे नक्की काय गं? शिवी आहे का?”

“एकक आहे आई. मिलिमीटरचा हजारावा भाग.”

“मग शिवीच की,” असं म्हणून ती कपडे वाळत घालायला गेली.

त्या वर्षी अकरावीत एक मुलगी होती, जिच्या हातून काच फुटायची. अधूनमधून फुटणं मला मान्य आहे, विद्यापीठात मीही बऱ्याच गोष्टी फोडल्यात. पण हिच्या हातून जवळजवळ प्रत्येक प्रॅक्टिकलला काहीतरी खळ्ळकन जायचं, एकदा टेस्टट्यूब, एकदा काचकांडी, एकदा बीकर. वर्गाने तिचं नाव ‘काचकन्या’ ठेवलं होतं. आवाज झाला की मागच्या बाकावरून आरोळी यायची, “काचकन्येचा विजय असो!” ती खाली मान घालून तुकडे गोळा करायची आणि सुपली कोपऱ्यात ठेवून, मी काही बोलायच्या आतच बेसिनकडे निघायची.

तिचा जोडीदार मात्र हिरा होता. शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचा कर्णधार, म्हणून सगळे त्याला ‘कप्तान’ म्हणत, शिक्षकसुद्धा. ते दोघं एकत्र आहेत हे सगळ्या शाळेला माहीत होतं, अगदी मलासुद्धा, यावरून ती बातमी किती मोठी होती ते समजा. तो तिचं दप्तर उचलायचा. तिला प्रश्न विचारला तर उत्तर तो द्यायचा, तेही बरोबर. ॲसिड सांडून खराब होऊ नये म्हणून तिचा फोन प्रॅक्टिकलभर तो स्वतःच्या खिशात ठेवायचा. सुरक्षेच्या नियमांचं इतकं पालन करणारा विद्यार्थी मी पाहिला नव्हता. ‘आदर्श जोडी कशी असते ते त्या टेबलावर जाऊन बघा,’ असं मी इतरांना दोनदा तरी सांगितलं होतं.

मग प्रश्न उरला काचेचा. इतकी चांगली जोडी, मग काच का फुटते? इथे माझ्यातली संशोधक जागी झाली.

पहिली शंका मालावर होती. नवी खोकी आली होती, काच हलकी असेल. म्हणून मी त्याच खोक्यातल्या टेस्टट्यूब दुसऱ्या टेबलांवर दिल्या. एकही फुटली नाही. दुसरी शंका तापमानावर. गरम काच गार पाण्यात गेली तर तडकते, बहुतेक ती घाई करत असेल. हे तपासायला मी एका रविवारी घरी आईचे सहा ग्लास आलटून पालटून उकळत्या आणि बर्फाच्या पाण्यात बुडवले.

“काय चाललंय?” आईने विचारलं.

“एक मुलगी काच फोडते, त्याचं कारण शोधतेय.”

“मग तू का फोडतेयस?”

“नियंत्रित परिस्थितीत फोडतेय.”

“उरलेले दोन तरी अनियंत्रित राहू देत. पाहुणे आले तर ओंजळीत देऊ का चहा?” मग ती म्हणाली, “त्या मुलीलाच विचार की, बाई, का फुटतं म्हणून.”

मी हसले. ज्याचा अभ्यास चालू आहे त्यालाच कारण विचारलं तर निष्कर्षावर परिणाम होतो, हे तिला समजावून सांगण्यात मी रविवारची उरलेली संध्याकाळ घालवली.

याच सुमारास मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. दुसऱ्या एका शाळेत एका मुलाने मैत्रिणीला मारलं होतं, प्रकरण दवाखान्यापर्यंत गेलं होतं आणि वरून सगळ्या शाळांना आदेश आला होता की प्रेमसंबंधातल्या हिंसेबद्दल मुलांना जागरूक करा.

“तू घे हे सत्र,” मोठ्या बाई म्हणाल्या. “समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात. आणि तू तरुण आहेस, तुला यातलं कळत असेल.”

यातलं मला काय कळत होतं ते सांगते. विद्यापीठात एक सहाध्यायी माझ्याकडून पीएच मीटर मागून न्यायचा आणि परत करताना दोन मिनिटं जास्त थांबायचा. पुढे त्याला स्वतःचा पीएच मीटर मिळाला. माझा प्रेमसंबंध तो एवढाच. पण अज्ञान असलं की मी वाचायला बसते. मी अहवाल वाचले, लेख वाचले आणि स्लाइड्स केल्या. धोक्याची लक्षणं रंगीत चौकटींत मांडली. फोन तपासणं, मित्रमैत्रिणींपासून तोडणं, कुठे आहेस याचे सतत पुरावे मागणं, तिच्या वतीने स्वतःच बोलणं. सगळं बरोबर होतं. अक्षरशः प्रत्येक शब्द बरोबर होता. आणि त्याच आठवड्यात माझ्या टेबलापासून चार हातांवर एक मुलगा एका मुलीचा फोन स्वतःच्या खिशात ठेवून तिच्या वतीने बोलत होता आणि मी त्याला सुरक्षेचे गुण देत होते.

बेसिनवरच्या काचकन्येबद्दल माझी एक तक्रार होती. शिक्षेचा तिच्यावर काही परिणाम होत नव्हता. उलट तिथे तिचा चेहराच वेगळा दिसायचा. खांदे खाली यायचे. ब्रशने टेस्टट्यूब घासताना ती काहीतरी गुणगुणायची. प्रश्न विचारायची, चांगले प्रश्न. “मॅडम, साबणाचा बुडबुडा गोलच का?” एका टेस्टट्यूबला ती इतका वेळ लावायची की तेवढ्यात मी दोन टेबलं तपासून यायचे. तास संपल्याची घंटा झाली की गुणगुणणं थांबायचं, ती बाह्या खाली ओढायची आणि दाराशी उभ्या असलेल्या कप्तानकडे जायची. शिक्षेत आनंद वाटतोय म्हणजे शिक्षा कमी पडतेय, असा माझा निष्कर्ष होता.

एकदा तिने बाह्या वर केल्या तेव्हा मनगटाच्या वर एक काळपट जांभळा डाग दिसला. आधीच्या आठवड्यात आम्ही सिल्व्हर नायट्रेट वापरलं होतं. त्याचे डाग कातडीवर पडतात आणि पडले की जाता जात नाहीत.

“सिल्व्हर नायट्रेट,” मी लांबूनच ओळखलं. “घासू नकोस, उपयोग नाही. नवी त्वचा येईल तसा जाईल. यापुढे हातमोजे घालत जा.”

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “हो मॅडम. हातमोजे.”

सत्राच्या आदल्या दिवशी कप्तान माझ्याकडे आला. दारात उभा राहून परवानगी मागितली, मग आत आला.

“मॅडम, एक विनंती होती. तिची शिक्षा रद्द करता का?”

“का रे?”

“तिचा दोष नाही. ती घाबरट आहे, हात थरथरतात. सारखं तिकडे उभं राहून तिचा अभ्यास बुडतो, आणि सगळे हसतात ते मला बघवत नाही. तुम्ही तिला माझ्याजवळच ठेवा, काचेला तिला हातही लावू देणार नाही. मी सांभाळतो तिला.”

मला भरून आलं. मी त्या वयात असताना माझ्यासाठी कुणी शिक्षकांकडे शब्द टाकला नव्हता, अगदी पीएच मीटरवाल्यानेही नाही. घरी आईला सांगितलं तर तिनेही मान डोलावली. “गुणी आहे हो पोरगा.” तेवढ्या एका मुद्द्यावर आम्हा दोघींचं एकमत झालं आणि आम्ही दोघीही साफ चुकलो होतो.

सत्र मोठ्या हॉलमध्ये झालं. मी आलेख दाखवला, आडव्या अक्षावर नात्याचा काळ आणि उभ्या अक्षावर नियंत्रण. मागून हात वर झाला.

“मॅडम, नियंत्रण कशात मोजतात? एकक नाही लिहिलं. आमचा तुम्ही अर्धा मार्क कापता.”

हॉल हसला. मीही हसले, कारण तो अर्धा मार्क मी खरंच कापला असता. दुसऱ्याने विचारलं, “हे परीक्षेला आहे का?” नाही म्हटल्यावर पेनं खाली गेली. मी चौकटी वाचून दाखवल्या, आकडे सांगितले. समोर चेहरे होते, पण जसे सगळे चेहरे रांगेत बसल्यावर असतात तसे. तेव्हा मला वाटलं, नुसती लक्षणं सांगून भागणार नाही, चांगलं उदाहरण द्यायला हवं. हा विचार मला सुचला त्या क्षणी कुणीतरी हॉलची वीज घालवायला हवी होती.

“काळजी आणि ताबा यांत फरक असतो,” मी म्हणाले. “काळजी कशी असते ते सांगते.” आणि मी नाव न घेता, पण एकूण एक माणसाला कळेल अशा बेताने, कप्तानची गोष्ट सांगितली. ज्या मुलाला आपल्या मैत्रिणीची शिक्षा बघवत नाही, तो मुलगा. “अशा काळजीचा मान म्हणून मी ती शिक्षा आजपासून कायमची बंद करते. तिच्या हातून काही फुटलं तरी ती आपल्या टेबलावर, आपल्या जोडीदाराजवळच राहील.”

टाळ्या वाजल्या. कप्तानने मान खाली घातली, लाजल्यासारखी. त्याच्या शेजारी बसलेली काचकन्या उठून उभी राहिली.

“मॅडम, मला चालतं बेसिन.”

हॉल पुन्हा हसला. कुणीतरी ओरडलं, “तिला भांडी घासायला आवडतात!”

“अगं, संकोच नको करू,” मी माइकमधून म्हणाले. “माफ केलंय तुला.”

कप्तानने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. अगदी हळूच, असं मला वाटलं. मी पुढची स्लाइड लावली. तिचं शीर्षक होतं, ‘मदतीचा आवाज ओळखा’.

पुढचं प्रॅक्टिकल टायट्रेशनचं होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त झाला की सगळं गडद होतं आणि पुन्हा पहिल्यापासून. मला यापेक्षा सुंदर गोष्ट जगात माहीत नाही.

तास सुरू झाला आणि टेस्टट्यूब फुटली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवून ‘असू दे’ म्हटलं. थोड्या वेळाने काचकांडी गेली. तिने पुन्हा पाहिलं. मी आणखी उदारपणे हसले. तिने एक पाऊल बेसिनकडे टाकलं.

“नको नको,” मी म्हणाले. “जागेवर जा. सांगितलं ना, शिक्षा बंद.”

“थँक यू मॅडम,” कप्तान म्हणाला.

मग तिने धुवायची म्हणून ब्युरेट स्टँडवरून सोडवली. आमच्याकडे ती सगळ्यात महागाची काच, लांब, सडपातळ, आणि फुटली तर मी नंतर दोन दिवस कुणाशी बोलत नाही हे मुलांना माहीत होतं. ती टेबलापासून बाजूला झाली. ब्युरेट दोन्ही हातांनी समोर धरली. मी दुसऱ्या टेबलावर कुणाचा तरी आकडा वाचत होते. ती थांबली. मी वर बघेपर्यंत थांबली. माझी नजर तिच्या नजरेला मिळाली आणि मग तिने बोटं उघडली. एकेक करून.

काच निसटते तेव्हा हात तिच्यामागे जातो. पकडायला बघतो, उशिरा का होईना. कुणाचाही जातो, झोपेतसुद्धा. तिचे हात होते तिथेच राहिले.

आवाज झाला. आरोळी उठली. “विजय असो!” कप्तान पुढे आला. “मी सांभाळतो मॅडम,” म्हणत त्याने तिचा हात मनगटाच्या वर धरून तिला मागे ओढलं. तिची बाही वर सरकलेली होती. डाग आता हिरवट पिवळा झाला होता, आणि कप्तानचा अंगठा त्या डागावर बरोबर बसला, झाकण बाटलीवर बसतं तसा.

सिल्व्हर नायट्रेटचा डाग पिवळा होत नाही. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. मुक्या माराचा होतो.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती म्हणजे ‘अशा वेळी काय करावे’ ही स्लाइड. दुसरी गोष्ट ही की ती स्लाइड मला आठवत नव्हती. एवढंच पुसट आठवत होतं की सगळ्यांसमोर काही विचारायचं नाही, कारण त्याची किंमत नंतर तिलाच मोजावी लागते. मी आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नाही.

“बस्स!” मी ओरडले. आवाज चिरकला. “ब्युरेट फोडलीस? माझी ब्युरेट? चल बेसिनवर! आत्ताच्या आत्ता! आजपासून वर्षभर तू बेसिनवर!”

“पण मॅडम,” कप्तान म्हणाला, “तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात...”

“म्हणाले होते. आता शब्द फिरवते. मला ब्युरेट प्रिय आहे.” यातलं शेवटचं वाक्य खरं असल्यामुळे सगळ्यांना पटलं.

त्याने हात सोडला. ती बेसिनवर आली. तिने नळ पूर्ण सोडला. मी शेजारी उभी राहून उगाचच एक स्वच्छ बीकर घासायला घेतला.

“किती वेळ लावलात मॅडम,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. ओठ जेमतेम हलले. “मला वाटलं आता तुमचा मायक्रोस्कोपच फोडावा लागणार.”

“मला कळलंच नाही गं.”

“म्हणून तर तुम्हाला मायक्रॉन म्हणतात. बारीक असलेलं तेवढंच दिसतं तुम्हाला.” मग घाईघाईने म्हणाली, “सॉरी.”

“सॉरी नको. जोडी बदलून का मागितली नाहीस?”

तिने पहिल्यांदा मान वर केली. “दोघांची सही लागते ना.”

मी बीकर घासत राहिले. माझाच नियम, माझ्याच अक्षरात, तिच्या मागच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

तिने तुकड्यातुकड्यांत सांगितलं. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत कुठे आहेस याचे फोटो पाठवायचे. कुणाशी बोलली तर हात पिरगाळायचा, नंतर तोच रडायचा. मैत्रिणी एकेक करून गेल्या. शाळेत, बसमध्ये, मधल्या सुट्टीत, सगळीकडे तो होता. फक्त बेसिनवर एका वेळी एकच जण उभा राहू शकतो असा नियम होता. “तुमचे नियम तो पाळतो,” ती म्हणाली. “तुम्हाला घाबरतो थोडा.”

“हे मी माझ्याजवळ ठेवू शकणार नाही,” मी म्हणाले. ही एक ओळ मला आठवली होती. “पण आधी कुणाला सांगायचं ते तू ठरव.”

तिने बराच वेळ एकच टेस्टट्यूब घासली. “घरी एकदम नको. आई हबकेल. मावशीला चालेल. आणि त्या बोलक्या ताई.”

बोलक्या ताई म्हणजे आमच्या समुपदेशक. त्या फारच कमी बोलतात, म्हणून मुलांनी हे नाव दिलं होतं. त्यांचा यायचा दिवस लांब होता. मी फोन केला तर त्याच दुपारी आल्या. सगळं ऐकून घेतलं. मोठ्या बाईंना बोलावलं, मावशी आली, मग आईसुद्धा. आई हबकली नाही. तिने लेकीचा हात हातात घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. त्या दिवसापासून शाळेच्या दारातून तिला न्यायला कुणी ना कुणी घरचं येऊ लागलं.

सगळे गेल्यावर मी माझ्या चुका क्रमवार मांडायला सुरुवात केली तशी बोलक्या ताईंनी मला थांबवलं.

“तिला तुमच्याजवळ यायला काय करावं लागत होतं?”

“काच फोडावी लागत होती.”

“मग ते बदला.” आणि त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या.

मी भिंतीवरचा कागद काढला. त्या आठवड्यापासून प्रॅक्टिकलच्या जोड्या दर वेळी चिठ्ठ्या टाकून, सगळ्याच वर्गाच्या, म्हणजे कुणा एकीसाठी बदल झाला असं दिसायला नको. कप्तानला दुसऱ्या दिवसाच्या बॅचमध्ये घातलं. बेसिनवर ज्याला वाटेल त्याने, कारण न सांगता, जाऊन उभं राहायचं. फुटलं तर शिक्षा म्हणून भांडी धुण्याचा नियम मात्र मी ठेवला, कारण मी शेवटी मीच आहे.

जागरूकतेचं सत्रही पुन्हा घेतलं. या वेळी बोलक्या ताईंबरोबर, वर्गात, स्लाइड्सशिवाय. स्लाइड्स नाहीत म्हणून हातांचं काय करावं ते मला कळेना, मी डस्टर धरून उभी राहिले. ताईंनी मुलांना एकच प्रश्न विचारला, “शाळेच्या कुठल्या नियमामुळे नको असलेल्या माणसाजवळ राहावं लागतं?” मग एक मुलगी म्हणाली, बसमधली ठरलेली जागा. कुणी म्हणालं, प्रकल्पाचा गट. एक मुलगा म्हणाला, “गटाचं काम एकाच्या फोनवर असतं आणि पासवर्ड सगळ्यांना द्यावा लागतो. मग एखादी सगळंच वाचते.” तो एवढा ताडमाड मुलगा, आणि ‘एखादी’ म्हणताना त्याचा आवाज इतका लहान झाला की कुणी हसलं नाही. आलेखाशिवाय, एककाशिवाय मला त्या एका तासात जे कळलं ते माझ्या सगळ्या रंगीत चौकटींत नव्हतं. मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी बसमधल्या जागा मोकळ्या केल्या. ड्रायव्हर वैतागला, पण केल्या.

एक गोष्ट मला अजून सोडवता आलेली नाही. कप्तानही बोलक्या ताईंकडे जायचा, त्याचे वडील त्याला घेऊन यायचे. एकदा तो माझ्या दारात थांबला. या वेळी परवानगी मागितली नाही.

“मॅडम, तुम्हीच टाळ्या वाजवायला लावल्यात ना?”

“हो.”

“मग मी काय वेगळं केलं होतं?”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. “तू तिला दुखवलंस,” मी म्हणाले. “आणि मला ते दिसलं नाही. तुझी चूक माझ्यामुळे कमी होत नाही, पण माझी होतीच.” तो गेला. त्याला कळलं की नाही, ठाऊक नाही. ताई म्हणतात वेळ लागेल. किती, असं मी विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

वर्ष संपायला आलं तेव्हा पुन्हा टायट्रेशन होतं. त्या दिवशी काचकन्येच्या वाट्याला एक बडबडी, चष्मेवाली मुलगी आली होती. दोघी आकड्यावरून भांडत होत्या.

“डोळा समोर आण, डोळा! मायक्रॉनने बघितलं तर मरशील.”

“मी बघितलंय आणि बरोबर बघितलंय. तू थेंब सोड. अर्धा. अगं अर्धा म्हटलं ना!”

आणि खळ्ळकन आवाज झाला.

मी वळले. काचकन्येच्या पायाशी बीकर फुटला होता. तिचा उजवा हात अजून हवेत होता, खाली झेपावलेला, बोटं पसरलेली, उशिरा पोचलेली.

“काचकन्येचा विजय असो!” मागून आलंच.

“हा खरंच फुटला!” ती वैतागून ओरडली. “खरंच मॅडम! कोपर लागलं!”

“नियम माहीत आहे,” मी शक्य तितक्या करड्या आवाजात म्हणाले. “बेसिन.”

“आत्ता? मॅडम, आत्ता नाही हं. शेवटचा थेंब राहिलाय. आत्ता सोडलं तर ही गडद करून ठेवेल सगळं.”

“ए, मी काय केलं?” चष्मेवाली म्हणाली.

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणाले.

“हे काय, नेहमीच कशी मी?” तिने कमरेवर हात ठेवला. “नाही जायचं मला बेसिनवर. रंग येऊ दे, मग जाते. हवं तर तुम्ही धुवा.”

मी बाह्या वर केल्या, बेसिनवर गेले आणि भांडी घासायला लागले. मागे दोघींचं पुन्हा सुरू झालं होतं. अर्धा थेंब, अगं अर्धा. मी नळ बारीक केला, म्हणजे नीट ऐकू येईल.